‘हात लावू नका’ या हुकुमाविरुद्ध

पुराचे पाणी ओसरल्यावर किंवा आग विझल्यावर कारखान्याच्या फाटकाशी जमलेल्या माणसांत जो सल्ला सर्वांत आधी आणि सर्वांत निःशंकपणे दिला जातो, तो असा की, पंचनामा होईपर्यंत आत कशालाही हात लावू नका. शेजारचा कारखानदार हे सांगतो, विम्याचा एजंट सांगतो, हिशेबनीस सांगतो, आणि महसूल खात्याचा कर्मचारी तर हुकुमाच्याच स्वरात सांगतो. हा सल्ला इतका सर्वमान्य झाला आहे की, त्याच्या मुळाशी कोणता कायदा आहे, हे विचारण्याचेही कोणाच्या मनात येत नाही. माझे म्हणणे असे की, हा सल्ला व्यवहाराच्या दृष्टीने घातक आहे, कायद्याच्या दृष्टीने निराधार आहे, आणि ज्या प्रामाणिकपणाच्या रक्षणासाठी तो दिला जातो, त्या प्रामाणिकपणाचेही त्याने रक्षण होत नाही.

या सल्ल्याचे समर्थक मूर्ख नाहीत, आणि त्यांचे म्हणणे मी सौम्य करून मांडणार नाही. ते म्हणतात की, नुकसान झाले हे सिद्ध करण्याची जबाबदारी नुकसान सोसणाऱ्यावर असते. गाळ काढला, यंत्रे धुतली, भिजलेला माल हलवला की पुरावा नाहीसा होतो. पुरावा नाहीसा झाला की विमा कंपनीला दावा कापण्यास निमित्त मिळते. आणि शासनदरबारी तर कागद नसेल तर माणूसच नसतो. शिवाय हात लावण्याची मोकळीक दिली, तर जुनी, आधीच नादुरुस्त असलेली यंत्रे पुराच्या खात्यावर टाकणारे महाभाग निघतील. हे सगळे आक्षेप खरे असूनही निष्कर्ष चुकतो. कारण या साऱ्या युक्तिवादाच्या तळाशी, पाणी ओसरले त्या क्षणी नुकसान पूर्ण झाले, आता ते जसेच्या तसे राखून ठेवून दाखवावयाचे आहे, असे एक अनुच्चारित गृहीत आहे. आणि ते गृहीत पदार्थविज्ञानाला मान्य नाही.

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूण शहरात शिरले आणि नदीकाठच्या खेर्डीच्या औद्योगिक वसाहतीतही शिरले, तेव्हाची स्थिती डोळ्यांपुढे आणावी. महामार्गावरचा वाशिष्ठीचा जुना पूल खचला होता, कोकण रेल्वेची वाहतूक थांबली होती, वीज नव्हती, दूरध्वनी लागत नव्हते. तेव्हाच्या नियमांप्रमाणे विमा कंपनीने खबर मिळाल्यापासून ७२ तासांत सर्व्हेअर नेमावयाचा होता. तो प्रत्यक्ष येऊन पोहोचावा, असे नव्हे, नुसता नेमावयाचा. आणि खबर द्यावयाची ती कोणत्या तारेने? मुंबईहून वा पुण्याहून येणारा माणूस घाट ओलांडून येईपर्यंत, आणि एकाच दिवशी शेकडो ठिकाणांहून बोलावणी आलेली असताना एकेका गाळ्यापर्यंत पोहोचेपर्यंत, किती दिवस जावेत, हे कोणीही अनुमानाने सांगू शकेल. त्या दिवसांत गाळाखालच्या लोखंडाचे काय होत होते?

हवेतील सापेक्ष आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर गेली की उघड्या पोलादावरचा गंज झपाट्याने वाढू लागतो, आणि कोकणातील आषाढ-श्रावणाची हवा या मर्यादेच्या कितीतरी वर असते. लेथच्या बेडचा घासून सपाट केलेला पृष्ठभाग, ज्याच्या सूक्ष्म सपाटीवर त्या यंत्राचे सारे मोल अवलंबून असते, तो पुराच्या दुसऱ्याच दिवशी तांबूस दिसू लागतो; त्याच दिवशी स्वच्छ पाण्याने गाळ धुऊन, कोरडे पुसून, गंजरोधक तेलाचा हात फिरवला, तर तो वाचतो; आठवड्यानंतर तोच पृष्ठभाग पुन्हा घासून घ्यावा लागतो, आणि महिन्यानंतर भंगाराच्या भावाने विकण्याची वेळ येते. विजेच्या मोटारीची गोष्टही अशीच आहे. बुडालेली मोटार उघडून, गाळ धुऊन काढून, भट्टीत नव्वद अंशांच्या आतल्या मंद उष्णतेवर धीराने वाळवली, मेगरने इन्सुलेशन तपासले, आकडा एक मेगाओहमच्या वर जाऊन तेथे स्थिरावला, नव्या बेअरिंग घातल्या, तर पुष्कळशा मोटारी पूर्ववत चालतात. परंतु गाळ वेटोळ्यांत वाळून बसला, बेअरिंग गंजून अडकल्या, की रिवाइंडिंगखेरीज गत्यंतर राहत नाही, आणि त्याच आठवड्यात त्याच गावातील प्रत्येकाला रिवाइंडिंगवाला हवा असतो. गिअरबॉक्समधील तेलाखाली पाणी जाऊन बसते. ते पहिल्या दिवशी तळाची बूच काढून सोडून दिले तर बादलीभर तेलाचा खर्च, न सोडले तर दातेरी चाकांचा. ब्रेकर, कॉन्टॅक्टर, रिले अशी उपकरणे मात्र एकदा बुडाली की बदलावीच लागतात, ती वाळवून पुन्हा बसविणे म्हणजे पुढच्या आगीची तजवीज. हेही येथेच सांगून ठेवतो, कारण वाचविण्याचा आग्रह म्हणजे सर्वच वाचते असा दावा नव्हे.

आगीनंतरचा प्रकार याहून फसवा असतो. ज्या दालनात ज्वाळा पोहोचल्याच नाहीत, ते दालन पाहून मालक देवाचे आभार मानतो. पण जळलेल्या केबलींच्या पीव्हीसी आवरणातून निघालेला हायड्रोक्लोरिक आम्लाचा अंश धुराबरोबर तेथे पोहोचलेला असतो, काजळीतून प्रत्येक धातूवर बसलेला असतो, आणि आग विझविण्यासाठी मारलेल्या पाण्याने दमट झालेल्या हवेत त्याचे काम निमूटपणे चाललेले असते. अशा वेळी पहिले कर्तव्य हवा कोरडी करण्याचे; आर्द्रता चाळीस टक्क्यांच्या आसपास आणली की ही झीज जवळजवळ थांबते आणि मग सफाईला अवकाश मिळतो. दालनाला कुलूप घालून, वर मोहोर लावून पंचांची वाट पाहणे म्हणजे त्या आम्लाला मुदत वाढवून देणे होय. ज्या नुकसानीचा पंचनामा अखेर होतो, ती बहुतांशी आगीने केलेली नसून कुलुपाने केलेली असते.

आता कायद्याकडे वळू. ‘हात लावू नका’ असे विमापत्रांत लिहिलेले असते, अशी सार्वत्रिक समजूत आहे. यंत्रविम्याच्या रूढ शर्ती काढून पाहाव्या. त्यांत विमेदाराची जी कर्तव्ये सांगितली आहेत, त्यांत तत्काळ खबर देणे हे एक, नुकसान कमीत कमी राहील असे सर्व उपाय करणे हे दुसरे, आणि बिघडलेले भाग तपासणीसाठी जपून ठेवणे हे तिसरे. इतकेच नव्हे, तर किरकोळ दुरुस्ती खबर देऊन लगेच करता येते, आणि मोठ्या दुरुस्तीच्या बाबतीत कंपनीचा प्रतिनिधी परिस्थितीनुसार पुरेशा वेळात आला नाही, तर विमेदाराने काम पुढे न्यावे, असेही तेथे म्हटले आहे. पूर हा त्या विशिष्ट पत्राचा विषय नव्हे, हे मला ठाऊक आहे. परंतु ज्या व्यवसायाने एका पत्रात हे शहाणपण शब्दबद्ध केले, त्याच व्यवसायाचा माणूस दुसऱ्या पत्राच्या वेळी उलट सल्ला देतो, तेव्हा तो सल्ला कायद्याचा नसून भीतीचा आहे, असेच म्हणावे लागते. सागरी विम्याचा १९६३ चा कायदा तर ७८ व्या कलमात स्पष्टच सांगतो की, हानी टाळण्यासाठी वा कमी करण्यासाठी वाजवी उपाय योजणे हे विमेदाराचे कर्तव्य आहे. नुकसान अजमावताना ते टाळण्याची कोणती साधने हाताशी होती हे पाहावे, हे तत्त्व करारभंगापुरते का होईना, भारतीय करार कायद्याच्या ७३ व्या कलमाच्या स्पष्टीकरणात १८७२ पासून आहे. दर्यावर्दी व्यापाऱ्याने बुडत्या जहाजातून माल काढला तर कायदा त्याला शाबासकी देतो. मग भूमीवरच्या कारखानदाराने बुडलेल्या यंत्रातून पाणी काढले तर त्याला संशयित का मानावे?

लबाडीच्या आक्षेपाला याहून अधिक मान दिला पाहिजे, कारण लबाडी होते. परंतु गाळात रुतलेले यंत्र जसेच्या तसे ठेवल्याने लबाडी उघड होते काय? उलट, तीन आठवडे गंजलेली मोटार पुरापूर्वी चालू होती की बंद, हे पाहणाऱ्याला सांगता येणे कठीण. पहिल्या दिवशी उघडलेल्या मोटारीत मात्र ताजा गाळ आणि जुनी जळालेली वेटोळी यांतला भेद डोळ्यांना दिसतो. प्रत्येक यंत्राचे छायाचित्र, भिंतीवरील पाण्याच्या रेषेची उंची, यंत्राच्या पाटीवरील क्रमांक, काढून टाकलेल्या प्रत्येक भागाला बांधलेली चिठ्ठी, आणि फोरमनच्या हस्ताक्षरातील तारीखवार नोंदवही, एवढे साहित्य ज्याच्यापाशी आहे, त्याची कैफियत गाळाच्या ढिगापेक्षा अधिक बोलकी असते. लबाडाला वेळ हवा असतो. जो दुसऱ्या दिवशी सर्वांदेखत यंत्रे उघडतो, तो लबाडीची संधी स्वतःच सोडून देत असतो.

एक मोठा दाखला आपल्याच मुंबईचा आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी दुपारी चार वाजून गेल्यावर व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ हे जहाज उडाले. सुमारे चौदाशे टन स्फोटके आणि कापसाच्या गासड्या एकाच जहाजाच्या पोटात भरलेल्या होत्या. अर्ध्या तासाच्या आत दुसरा, पहिल्याहून भयंकर स्फोट झाला. ‘जलपद्म’ नावाचे जहाज पाण्यातून उचलले जाऊन धक्क्यावर फेकले गेले. अग्निशामक दलाचे ६६ जवान आणि शेकडो नागरिक प्राणाला मुकले. गोद्या, गोदामे आणि आसपासची वस्ती यांचा जो विध्वंस झाला, त्याचे वर्णन करण्याचे हे स्थळ नव्हे. येथे पाहावयाचे ते हे की, पुढे काय झाले. दोष कोणाचा, हे ठरविण्यासाठी मुंबईचे मुख्य न्यायमूर्ती सर लेनर्ड स्टोन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग बसला. भरपाई कोणाला व किती, यासाठी त्याच वर्षी स्वतंत्र वटहुकूम निघाला. आणि या दोहोंपैकी कशाचीही वाट न पाहता, सुमारे आठ हजार माणसांनी सात महिने खपून अंदाजे पाच लाख टन ढिगारा उपसला आणि गोद्या पुन्हा जहाजांना खुल्या केल्या. दोषाचे दप्तर निराळे, भरपाईचे निराळे, आणि फावड्याचे निराळे; तिन्ही एकाच वेळी उघडली गेली.

ते युद्धाचे दिवस होते, लष्कराची निकड होती, सरकार परकीय असले तरी बंदर त्यांना हवेच होते, असे यावर म्हटले जाईल. ते सर्व मान्य. मनुष्यबळ आणि सत्ता युद्धाने दिली. परंतु तीन दप्तरे निराळी ठेवावीत, एकाने दुसऱ्याला अडवू नये, ही व्यवस्था करण्यासाठी युद्ध लागत नाही. साधा शासकीय विवेक पुरतो. त्या सात महिन्यांचा गौरव करताना मला आणखी एक गोष्ट दृष्टीआड करता येत नाही, ती म्हणजे त्या आठ हजारांपैकी कोणी कोणत्या धोक्यात काम केले, याचा इतिहास गोद्यांच्या इतिहासाइतका लिहिला गेलेला नाही.

याच्या अगदी उलट टोकाचे उदाहरण भोपाळचे. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री झालेल्या विषारी वायुगळतीनंतर युनियन कार्बाइडचा कारखाना बंद पडला, १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलर्सची तडजोड झाली, १९९८ मध्ये जमीन राज्य शासनाकडे परत आली, २००४ पासून सफाईचा प्रश्न उच्च न्यायालयापुढे राहिला. आणि त्या आवारात पडून असलेला ३३७ टन विषारी कचरा पिथमपूरच्या दिशेने निघाला तो २०२५ च्या जानेवारीत, जबलपूरच्या उच्च न्यायालयाने चार आठवड्यांची मुदत घातल्यानंतर. कंपनीने करावे की शासनाने, जुन्या कंपनीने की तिला विकत घेणाऱ्या नव्या कंपनीने, या वादात चाळीस वर्षे गेली. वाद खोटा नव्हता. अपराध्याकडून खर्च वसूल झालाच पाहिजे, असे माझेही मत आहे. परंतु वसुली आणि सफाई यांची गाठ मारल्यामुळे शिक्षा अपराध्याला झाली नाही, तर ज्या वस्त्यांच्या विहिरींत आणि हातपंपांत त्या आवारातील विष झिरपले त्यांना झाली. आणि तो ३३७ टन कचरा जाळून संपला, तरी माती आणि भूजल शुद्ध झाले असे मुळीच नाही. ‘आधी जबाबदारी ठरू द्या, मग हात लावा’ हे वाक्य चिपळूणच्या गाळ्यात एक यंत्र गंजविते. भोपाळमध्ये त्याने एका पिढीला विषाशेजारी ठेवले.

घाईचा धोका सांगून विरोध करणारा एक वर्ग आहे, आणि त्याचा आक्षेप मला सर्वांत अधिक आदरणीय वाटतो. कारखाना लवकर उभा करावयाच्या नादात माणसे मरतात, असे तो म्हणतो. मरतात, यात शंका नाही. ७ मे २०२० च्या पहाटे विशाखापट्टणमजवळ स्टायरीनच्या टाकीतून विषारी वाफ बाहेर पडली आणि बारा जण गेले, तो कारखाना टाळेबंदीत बंद राहून पुन्हा सुरू होण्याच्या बेतात होता. म्हणून माझा आग्रह नीट समजून घ्यावा. वाचविणे आणि चालू करणे ही दोन कामे आहेत. यंत्र धुणे, वाळवणे, तेल लावणे, माल उंचावर हलविणे, छप्पर ताडपत्रीने झाकणे, हे तासांचे काम. त्यात दिरंगाई क्षम्य नाही. बॉयलर पेटविणे, वीज जोडणे, रसायनांची प्रक्रिया सुरू करणे, हे तज्ज्ञांच्या लेखी संमतीवाचून होऊ नये, मग त्याला महिना लागो. आपल्याकडे नेमके उलट घडते. पंचनाम्यासाठी पंधरा दिवस स्वस्थ बसतात, आणि पंचनामा झाला की बुडालेला वेळ भरून काढण्यासाठी दुसऱ्याच दिवशी कळ दाबतात.

आणि वाचविण्याच्या कामातही कोणाला उतरवावयाचे? गाळ उपसण्यासाठी अनवाणी, हातमोज्यांवाचून, रोजंदारीवर आणलेल्या माणसाला त्या गाळात काय मिसळले आहे, हे कोणी सांगत नाही. शेजारच्या गाळ्यातील मुलामा देण्याच्या कुंडातले सायनाइड असेल, फुटलेल्या पिंपातले आम्ल असेल, तुटलेल्या सिमेंटच्या पत्र्यांतले अ‍ॅस्बेस्टॉस असेल. काहीच नसले तरी लेप्टोस्पायरोसिसचे जंतू असतात, ज्यांनी जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत बळी घेतले. भूमिगत टाकीत साचलेल्या पाण्यावरची हवा न तपासता माणूस आत सोडणे, हा मनुष्यवधच होय. त्याला अपघात म्हणू नये. मालाचे जतन तातडीचे आहे म्हणून माणसाचे जतन मागे ठेवावे, असा अर्थ माझ्या लेखातून कोणी काढील, तर त्याने हा परिच्छेद पुन्हा वाचावा.

कामगाराचा प्रश्न येथेच संपत नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने कामबंदीच्या काळात निम्म्या वेतनाची तरतूद केली, पण पन्नासांहून कमी कामगार असलेल्या कारखान्यांना ती लागू नव्हती, आणि नदीकाठच्या वसाहतींतील पुष्कळसे गाळे त्या संख्येच्या खालीच असतात. म्हणजे पंचनाम्याची वाट पाहण्याचा प्रत्येक दिवस विमा कंपनीच्या हिशेबात शून्य, मालकाच्या हिशेबात तोटा, आणि कामगाराच्या घरी चूल न पेटण्याचा दिवस. विम्याने यंत्राची किंमत मिळेल, दिवसांची मिळणार नाही. ‘तो मालकाचा आणि विमा कंपनीचा खासगी मामला’ म्हणून हात झटकणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. कारखाना खासगी असला, तरी त्याच्या बंद पडण्याचे परिणाम खासगी राहत नाहीत.

पैशाची बाब थोडक्यात सांगतो. अग्निविम्याच्या मानक पत्रात ढिगारा हटविण्याचा खर्च दाव्याच्या एक टक्क्यापुरता धरला जात असे. लघुउद्योगांसाठी २०२१ मध्ये आलेल्या पत्रांत ती मर्यादा थोडी वाढली. वाचविण्याच्या खर्चाला मात्र स्वतंत्र, ठळक आणि विनावाद मान्यता हवी, कारण यंत्र धुऊन वाळविण्याचा खर्च नव्या यंत्राच्या किमतीचा लहानसा अंश असतो, आणि तो विमा कंपनीच्याच हिताचा असतो. ही साधी बेरीज विमा कंपन्यांच्या तज्ज्ञांना कळत नाही, असे मी मानीत नाही. ती लेखी आश्वासनाच्या रूपाने विमेदारापर्यंत पोहोचत नाही, एवढाच दोष आहे, आणि तो दूर करण्याला कायद्याची दुरुस्तीही लागत नाही.

तेव्हा वाशिष्ठी, सावित्री, पंचगंगा आणि उल्हास यांच्या काठच्या औद्योगिक वसाहतींच्या संघटनांना माझी विनंती आहे. पाऊस लागण्यापूर्वी आपापल्या विमा कंपन्यांकडून असे एका ओळीचे पत्र मागून घ्या की, छायाचित्रे आणि नोंदवही ठेवून पहिल्या तासापासून केलेल्या बचावाच्या कामामुळे दावा कापला जाणार नाही आणि त्या कामाचा वाजवी खर्च दाव्यात धरला जाईल. जिल्हाधिकाऱ्यांनी तलाठ्यांना आणि पंचांना तसेच परिपत्रक मे महिन्यातच द्यावे, म्हणजे कारखान्याच्या फाटकाशी चुकीचा हुकूम ऐकू येणार नाही. वसाहतीत सामाईक जनरेटर, पंप, हवा कोरडी करण्याची यंत्रे, गंजरोधक तेलाची पिंपे, हातमोजे आणि गमबूट पुराच्या रेषेच्या वर ठेवावेत, आणि मेगर हाताळू शकणाऱ्या प्रत्येक माणसाचे नाव एका यादीत असावे. जी कंपनी असे पत्र देण्यास नकार देईल, तिचा विमा पुढील वर्षी घेऊ नये.